ईशान्य कोपऱ्यातली नथ

ती घटना माझ्या मनातून कधी गेली नाही, आणि गंमत अशी की तिच्यात शेवटी गुन्हा असा निघालाच नाही. उभ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्यातलं पुष्कळसं आता विसरलो. एक लोटा आणि एक नथ मात्र विसरलो नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबईचं पोलीस आयुक्तालय नुकतंच सुरू झालं होतं आणि माझी बदली सीबीडी बेलापूरच्या बाजूला झाली होती. मी मूळचा सातारचा. मुलांच्या शाळा मोडायला नकोत म्हणून बायको-मुलं तिकडेच ठेवली आणि मी दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकटा राहायला आलो. सकाळी खानावळीचा डबा, संध्याकाळी खानावळीचा डबा. दिवसभर सरकारी कचेऱ्यांच्या गर्दीत असायचो, पण संध्याकाळचे पाच वाजले की ते शहर रिकामं व्हायचं. नवीन रस्ते, नवीन इमारती, आणि हाक मारावी असं माणूस नाही. त्या दिवसांत मला कामाचाच आधार होता.

खबर फोनवर आली. ठाणे अंमलदारानं फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"म्हणजे कसंय साहेब, टेन्शनची गोष्ट नाय, पन तुमाला सांगितलेलं बरं," तो म्हणाला. खाडीकाठच्या एका गावात एका म्हाताऱ्याचं जुनं घर पाडायचं काम चालू आहे, पाया उकरताना त्याला जमिनीतून दागिने मिळालेत, आणि म्हातारा ते लपवतोय. "म्हणजे कसंय, पुरान्या जमान्यातला खजिना हाय तो. गौरमेंटचा माल हाय ना?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

कायदा असा आहे की जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू ज्याला सापडेल त्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. लपवली तर तो गुन्हा. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि एक हवालदार नि दोन पंच घेऊन गेलो.

गाव जुनं, आगरी-कोळ्यांचं. शेती आणि मिठागरं शहरासाठी गेलेली, हातात पैसे आलेले, आणि जो तो जुनं घर पाडून बिल्डरकडून चार मजली इमारत उभी करून घेत होता. या म्हाताऱ्याचंही तसंच. त्याची बायको दोनेक वर्षांपूर्वी वारली होती. दोन मुलं. थोरला जमिनीच्या व्यवहारांत दलाली करायचा, धाकटा एका कारखान्यात होता. दोघं आपापल्या फ्लॅटमध्ये राहायचे. म्हातारा जुन्या घरात एकटाच होता, आणि ते घर पाडायला घेतल्यापासून शेजाऱ्याच्या पडवीत खाट टाकून पडायचा.

मजुरांनी सांगितलं ते असं. ईशान्य कोपऱ्याचा दगड हलवायची वेळ आली तसा म्हातारा आडवा आला. सगळ्यांना बाजूला केलं, स्वतः पहार घेतली, दगडाखालून तांब्याचा लोटा काढला आणि टॉवेलात गुंडाळून निघाला. गुंडाळताना लोट्याच्या तोंडाशी काहीतरी लाल चमकलेलं दोघांनी पाहिलं होतं.

म्हाताऱ्यानं आम्हाला विरोध केला नाही. खाटेखालचा लोटा आणून समोर ठेवला. तोंडाशीच, मातीत अर्धवट रुतलेली एक नथ होती. मोठी, भरघोस, लग्नकार्यात घालतात तशी. मी ती रुमालानं पुसली. सोनं काल घडवल्यासारखं होतं. मधला लाल खडा उन्हात धरला तेव्हा माझ्या तळहातावर लाल ठिपका पडला. मोती मात्र मेले होते. पांढुरके, पापुद्रे सुटलेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरावा तसे.

खरं सांगतो, त्या वस्तूकडे बघताना मी काही क्षण पोलीस नव्हतो. जमिनीतून वर आलेल्या दागिन्याची ओढ काही वेगळीच असते. सराफाच्या काचेमागं त्याच्या दसपट सोनं असतं, पण ते बघून छातीत असं होत नाही. पुरलेलं सोनं बघितलं की वाटतं, हे कुणाचं असेल, कुणी घातलं असेल, आणि लगेच दुसरा विचार येतो, अजून खाली काय असेल? तो दुसरा विचार माणसाला घेऊन बुडतो.

पंचनामा झाला. एक नथ, एक तांब्याचा लोटा मातीसह. सील केलं, मुद्देमाल ठाण्यात आणला.

पुढच्या दिवसांत गावाला वेड लागलं. बेलापूरचा किल्ला जवळ, त्यामुळे गोष्टींना तोटा नव्हता. कुणी म्हणे पोर्तुगीज पळताना पेटारे पुरून गेले, कुणी म्हणे किल्ल्यापासून भुयार आहे ते बरोबर म्हाताऱ्याच्या घराखाली येतं. पायाच्या जागेत जिथंतिथं खड्डे. बिल्डर माझ्याकडे बंदोबस्त मागायला आला आणि जाता जाता हळूच म्हणाला, "साहेब, प्लॉटचा करार माझ्या नावावर आहे, खाली काय निघालं तर हिस्सा कसा?" मी त्याला दार दाखवलं. मुंबईहून जुन्या जवाहिऱ्यांचा एक दलाल भिंग घेऊन आला. नथ बघायची परवानगी मिळाली नाही म्हणून तो ठाण्याबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसून राहिला. मी ज्या सराफाकडून अधिकृत तपासणी करून घेतली त्यानं सांगितलं की घडण जुनी आहे, शंभराहून अधिक वर्षांची, मोती बसऱ्याचे असावेत, खडा अस्सल माणिक. झालं. गावात ती नथ पेशव्यांच्या घरातली ठरली.

या सगळ्यात फक्त एका माणसाला खजिन्यात रस नव्हता, आणि तो म्हणजे ज्याच्यावर संशय होता तो म्हातारा.

चौकशीसाठी मी त्याला रोज बोलवायचो. तो वेळेवर यायचा, बाकावर बसायचा, टोपी काढून मांडीवर ठेवायचा. मी विचारायचो, नथ कुणाची? तो म्हणायचा, "माजी हाय." दगडाखाली कशी आली? गप्प. तिथं लोटा आहे हे तुम्हाला कसं माहीत? गप्प. कुठं नेत होतात? यावर मात्र तो दर वेळी एकच बोलायचा. "सायेब, मना ती परत द्या. तिला भायेर ठेवाची नाय."

चोर खोटं बोलतो, त्याच्याकडे उत्तरांची खाण असते. निर्दोष माणूस चिडतो. हा दोन्ही करत नव्हता. हा घाबरला होता, पण मला नाही. माझ्या खुर्चीमागच्या कुठल्यातरी गोष्टीला तो घाबरत होता आणि ती काय, हे मला दिसत नव्हतं. मी वैतागलो होतो. दोनदा आवाजही चढवला. तो टोपीकडे बघत राहिला.

मग एका सकाळी थोरला मुलगा भेटायला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात जमिनीच्या कागदांची फाईल. खुर्चीत बसता बसता म्हणाला, "म्हणजे कसंय साहेब, बाबांचं वय झालंय, जास्त टेन्शन देऊ नका."

फोनवरचा आवाज समोर बसला होता. खबरी कोण हे पोलिसानं कुणाला सांगायचं नसतं, खुद्द खबऱ्यालाही ओळख द्यायची नसते. मी म्हणालो, "बघू." त्यानं विचारलं, खजिना सरकारजमा झाला तर वारसांना काही मिळतं का? आणि खालच्या आवाजात, बाबा ते सगळं धाकट्याला देणार होते, असा त्याला संशय होता. बाहेर बाकावर बाप बसला होता. जाताना मुलगा त्याच्याजवळ थांबला, घड्याळ बघितलं आणि गेला. त्या दिवशी खानावळीचा डबा मी उघडलाच नाही.

डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. पळणारा माणूस पेटारा पुरतो तेव्हा हाताला येईल तिथं पुरतो. हा लोटा कोपऱ्याच्या दगडाखाली सरळ, बेतानं बसवलेला होता. लहानपणी गावी आमचं घर बांधलं तेव्हाची पायाभरणी मला आठवली. पंचरत्नांची पुडी, सुपारी, तांदूळ, नाणं, आणि त्यावर पहिला दगड. पुडीत कसलीतरी सोन्याची कणी आणि मोत्या-पोवळ्याचे चुरे असायचे, पण रीत तीच. मी हवालदाराला विचारलं, "लोट्यातल्या मातीचं काय केलं?"

"काय करायचं साहेब? माती आहे. लोट्यातच आहे."

सगळ्यांनी नथ पाहिली होती. माती कुणीच पाहिली नव्हती. मी पंचांना परत बोलावलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सील काढलं आणि लोटा पालथा केला. कॅन्टीनमधून चहाची गाळणी आणली. आधी एक काळी पडलेली सुपारी निघाली. मग मातीच्या ढेकळात चिकटलेली हिरवट चकती. लिंबाची फोड घेऊन ती घासली. हळूहळू अक्षरं वर आली.

नया पैसा.

एक पंच फसकन हसला. "साहेब, पेशव्यांकडे नया पैसा कुठून आला?"

खजिना तिथंच संपला. नथ जुनी असेल, पण कायदा विचारतो की ती जमिनीत कधी गेली. नव्या पैशाच्या काळात, साठ सालाच्या आसपास, म्हणजे म्हाताऱ्याचं घर बांधलं तेव्हा. मी त्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि ते नाणं त्याच्यापुढं ठेवलं.

त्यानं ते उचललं. अंगठ्यानं फिरवत राहिला.

मी म्हणालो, "बाबा, आता गप्प राहून चालायचं नाही. तुम्ही बोलला नाहीत तर हा कागद असाच वर जाईल आणि घर तुमच्या मुलांच्याही नावावर आहे, त्यांनाही इथं बसावं लागेल."

हे मी धाक म्हणून बोललो नव्हतो, प्रकरण खरोखरच त्या वाटेनं चाललं होतं. पण मुलांचं नाव निघताच म्हातारा बदलला.

"पोरांना नको," तो म्हणाला. "पोरांसाठीच केला सगला."

मग तो बोलला. सलग नाही. थांबत थांबत.

"पयली दोन पोरां गेली आमची. एक पालण्यात गेला. दुसरा चालाया लागला नि गेला. तवा झोपडा होता त्याच जाग्यावर. घर बांधाया काडला, तर जाणते बोल्ले, जागा मान मागते, दे. आमच्याकरं सोना कुटला, सायेब? तिचे नाकात तेवरा होता. माजे आयशीनं लग्नात घातलेली नथ. पायाचे दिशी सगली जेवाया गेली नि तिनं नथ काडून लोट्यात टाकली. यो पैसा मी टाकला. मंग थोरला झाला. जगला. धाकटा झाला. जगला."

"आणि तुमच्या आईला काय सांगितलं?"

"काय नाय सांगितला. दिलेला बोलाचा नसतो. बोल्ला का जागा पोरां परत घेते." त्यानं नाणं टेबलावर ठेवलं. "आयस बोल्ली, नथ भावाला दिलीस. म्हायेर भरलास. सगला गाव तेच बोल्ला. तिचा म्हायेर तुटला. जासईला, खाडीचे पलीकरं. परत कवा गेली नाय. भाव येक डाव आला, माजे आयशीनं त्याला उंबऱ्यावरना हाकलला. ही चुलीपाशी बसून होती. एक सबूद बोल्ली नाय. मरताना पन नाय."

"आणि तुम्ही?"

"माजी पोरां होती ना सायेब."

मी शेतकऱ्याच्या घरातला असलो तरी जागा माणसं घेते वगैरे मानणारा नव्हे. पण त्या बाईनं जन्मभर चोरीचा आळ घेतला आणि तिच्या हिशेबी त्या आळाच्या जोरावर दोन मुलं जगली, हे समोर ऐकल्यावर माझं शहाणपण कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. नथ बाहेर ठेवायची नाही म्हणून तो एवढा घाबरला होता, हेही तेव्हा कळलं. दुसरीकडे कुठंतरी गुपचूप पुरायला तो ती घेऊन निघाला होता आणि आम्ही वाटेत आलो.

"पोरांचा लिवू नका," तो म्हणाला.

जबाब मी स्वतः लिहिला. घराच्या पायाभरणीच्या वेळी मी व माझ्या पत्नीने घरातील नथ रीतीप्रमाणे पायात ठेवली. कायद्याला एवढं पुरेसं होतं. वाचून दाखवला, त्यानं अंगठा दिला.

प्रकरण ठाणे जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. खजिना नाही हे कळताच गावाचा उत्साह मावळला, टपरीवरचा दलालही दिसेनासा झाला. थोरला मात्र आला. काय झालं ते त्याला कळलं होतं, का झालं ते नाही.

"म्हणजे कसंय साहेब," तो म्हणाला, "लहानपनी आमच्या पायात चप्पल नव्हती. आनि आईनं सोनं पुरून ठेवलं? आजीशी खोटं बोलून? मामाला आम्ही फुकट शिव्या घातल्या."

माझ्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्याचं तोंड कायमचं बंद झालं असतं. पण त्या म्हाताऱ्याचे शब्द आठवले आणि मी कागदात डोकं घातलं. एखाद्याचं खरं माहीत असून ते पोटात ठेवायचं, हे पोलिसाला सवयीचं असतं. त्या दिवशी ते जड गेलं.

नथ परत करण्याचा हुकूम यायला बरेच महिने गेले. तोवर जुन्या घराच्या जागी प्लिंथ भरून खांब उभे राहिले होते. म्हातारा नथ घ्यायला आला, पावतीवर अंगठा दिला आणि बाकावर बसून राहिला. मी विचारलं, जात का नाही?

"कुटं ठेवू?" तो म्हणाला. "पायात सगला शिमिट भरला. पोरांचे घरी फरशी. माजेकरं हातभर जिमीन नाय र्‍हायली, सायेब."

सगळी खाडी, सगळी शेतं एकेकाळी ज्यांची होती, त्यांच्यातलाच एक माणूस मूठभर वस्तू पुरायला जागा शोधत होता. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "जासईला जावाचा हाय. येकट्यानं पाय नाय उचलत."

मला उरणच्या बाजूला एका समन्साचं काम होतंच. त्याला जीपमध्ये घेतलं. वाटेत कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली होती. तो सबंध रस्ता नथ टोपीत धरून बसला होता. जासईला एका जुन्या कौलारू घरासमोर त्यानं जीप थांबवायला सांगितली. अंगण शेणानं सारवलेलं. खाटेवर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. तो म्हाताऱ्याच्या बायकोचा भाऊ. पोलिसांची जीप बघून तो उठला, मग मेहुण्याला बघून पुन्हा खाली बसला. कुणी कुणाला बस म्हणालं नाही.

आमच्या म्हाताऱ्यानं टोपी पुढं केली. आत नथ होती.

"तुजेकरं कवाच आली नवती," तो म्हणाला. "मना ठाव होता. मी बोल्लो नाय."

भावानं नथीकडे पाहिलं, हात लावला नाही.

"यी पोरांची हाय," आमचा म्हातारा म्हणाला. "जिमनीत ठेवाची हाय. माजेकरं जिमीन नाय."

मला वाटलं आता हा ओरडेल. तेवढा त्याला अधिकार होता. पण ती माणसं एकाच रीतीतली. पोरांची म्हटल्यावर त्यानं काही विचारलं नाही. आत गेला, पहार घेऊन आला आणि तुळशीच्या मागं स्वतःच खणायला लागला. खणता खणता, वर न बघता म्हणाला, "तिचे मयतीला आलतो मी. वेशीवरना परत गेलो."

खड्डा हातभर झाला. आमच्या म्हाताऱ्यानं नथ ठेवली. खिशातून तोच नया पैसा काढला, तोही ठेवला. भावानं माती हातात घेतली आणि थांबला.

"पोरां बरी हायेत ना?" त्यानं विचारलं.

"हायेत."

"मंग झाला," तो म्हणाला आणि माती लोटली.

मी फाटकाशी उभा होतो. थोरल्याचा फोनवरचा आवाज माझ्या कानात होता आणि तो त्या अंगणात माझ्याखेरीज कुणालाच ऐकू येत नव्हता. त्या संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून साताऱ्याला फोन लावला. बायकोनं विचारलं, काय काम होतं? काही नाही म्हणालो. मुलांना फोनवर बोलावलं आणि नुसतं ऐकत राहिलो.

नथ मामाकडे गेली हे गावात पसरायला वेळ लागला नाही. थोरला म्हणाला, शेवटी तिकडेच गेली ना! मुलांचं बापाकडे येणं-जाणं कमी झालं. नव्या इमारतीत तळमजल्याच्या खोलीत म्हातारा एकटा राहायचा. बीटवर गेलो की मी डोकावायचो. चहा व्हायचा, बोलणं फारसं नाही. बायकोनं जन्मभर वाहिलेलं आता तो वाहत होता, आणि मला वाटतं त्याला त्यात थोडं समाधानही होतं. माझी बदली झाली त्यानंतर काही वर्षांनी तो गेला.

लोक विचारतात, त्या प्रकरणानं काय शिकवलं? मुद्देमालात चमकणारी वस्तू आधी बघू नका, तिच्या भोवतीची माती बघा, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. ते खरंच आहे. पण मी स्वतः शिकलो ते वेगळं. गप्प बसलेला प्रत्येक माणूस काही लपवत असतोच असं नाही. काही जण राखत असतात.

इतक्या वर्षांनी हे लिहावं की नाही, यावर मी पुष्कळ दिवस घालवले. जागा परत घेते वगैरे मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी लिहायला बसण्याआधी त्या भागातल्या एका जुन्या हवालदाराला फोन केला आणि त्या दोन मुलांची चौकशी केली. दोघंही ठणठणीत आहेत, नातवंडांत रमलेत. मग पेन उचललं. म्हाताऱ्याच्या गावाचं नाव मात्र लिहिलेलं नाही. ते कायद्यासाठी, खबऱ्याची ओळख पटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.